शनिवारी रात्री स्टोरेज बदलणाऱ्या नवख्यांसाठी

रात्रीचे साडेबारा. नव्या अ‍ॅरेवरचे (म्हणजे सर्व्हरना डिस्कची जागा पुरवणाऱ्या पेटीवरचे) सगळे दिवे हिरवे आहेत, मॅनेजमेंटच्या पडद्यावर एकही लाल ओळ नाही, आणि डेटाबेसचा सर्व्हर म्हणतोय की डिस्क सापडत नाही. नवखा माणूस अशा वेळी अ‍ॅरेकडेच टक लावून बसतो, कारण आज बदललाय तो अ‍ॅरे. पहिली दोन-तीन वर्षं मीही तेच करायचो. पुढे लक्षात आलं की अशा रात्री जे अडतं ते बहुतेक वेळा सर्व्हर आणि अ‍ॅरे यांच्या मधल्या वाटेवर अडतं, नाहीतर सर्व्हरच्या जुन्या आठवणींत. म्हणून हा लेख सर्व्हरच्या टोकाकडून सुरू होतो. उदाहरणं फायबर चॅनलच्या सॅनवर (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या वेगळ्या नेटवर्कवर) चालणाऱ्या लिनक्स आणि व्हीएमवेअर सर्व्हरची आहेत. फाइल शेअरची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती पुढे येईल.

१. हात लावण्याआधी पाथ मोजा

कामाच्या आठवडाभर आधी प्रत्येक सर्व्हरवर लॉगिन करा आणि पाथ, म्हणजे तिथून स्टोरेजपर्यंतच्या वाटा, मोजा. सर्व्हरला दोन एचबीए पोर्ट (सॅनला जोडणाऱ्या कार्डाचे) असतील आणि प्रत्येक पोर्ट आपापल्या फॅब्रिकमधून (स्विचच्या जाळ्यातून) स्टोरेज चालवणाऱ्या दोन्ही कंट्रोलरच्या एकेका पोर्टपर्यंत पोचत असेल, तर प्रत्येक लनला (सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेल्या जागेच्या तुकड्याला) चार पाथ दिसायला हवेत. लिनक्सवर अनेक पाथ सांभाळणाऱ्या मल्टिपाथ प्रोग्रामचा 'मल्टिपाथ -एलएल' हा आदेश ते दाखवतो. चाराच्या जागी तीन दिसले तर अपग्रेड पुढे ढकला आणि आधी तो चौथा शोधा.

एवढा आग्रह का, ते सांगतो. दोन कंट्रोलरच्या अ‍ॅरेचं 'डाउनटाइम न घेता' होणारं अपग्रेड असं चालतं: आधी एक कंट्रोलर आपलं सगळं काम दुसऱ्याकडे सोपवतो, नवी आवृत्ती घेऊन रीस्टार्ट होतो, काम परत घेतो, आणि मग दुसऱ्याची पाळी येते. म्हणजे त्या रात्री प्रत्येक सर्व्हरचे अर्धे पाथ एकदा जातात आणि उरलेले अर्धे एकदा जातात. नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये आम्ही असंच एक अपग्रेड करत होतो. एका सर्व्हरचे दुसऱ्या कंट्रोलरकडे जाणारे दोन्ही पाथ आठ महिन्यांपासून मेलेले होते. कुणीतरी रॅकमधली केबल हलवताना ते तुटले असणार. रोजचं काम पहिल्या कंट्रोलरवरून सुरळीत चालू होतं, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. पहिला कंट्रोलर रीस्टार्टला गेला आणि सर्व्हर आडवा झाला. सकाळच्या बैठकीत 'नव्या फर्मवेअरमुळे बंद पडलं' असंच सगळे म्हणत होते. फर्मवेअरचा काहीही संबंध नव्हता.

'आडवा झाला' म्हणजे नेमकं काय, हेही ओळखता आलं पाहिजे. मल्टिपाथच्या सेटिंगमध्ये 'पाथ नसतील तर रांगेत थांब' असं सांगितलेलं असेल, तर सर्व्हर एररसुद्धा देत नाही. प्रोसेस 'डी' अवस्थेत (डिस्कच्या उत्तराची वाट पाहत) अडकतात, लोड अ‍ॅव्हरेज चढत जातो, पण सीपीयू मात्र निवांत असतो. ही जोडी दिसली की डेटाबेसवाल्यांना दोष देण्याआधी पाथ बघा. तो प्रोसेस 'किल -९' नेही मरत नाही, उगाच प्रयत्न करू नका. पाथ परतले की तो आपोआप पुढे सरकतो.

आणखी एक आकडा याच वेळी पाहून घ्या, दोन्ही कंट्रोलरचा सीपीयू. गर्दीच्या वेळी दोघेही साठ-साठ टक्क्यांवर असतील, तर एकट्याला एकशेवीस टक्के ओढायचे आहेत. ते जमत नाही. पाथ सगळे ठीक असूनही अशा वेळी अ‍ॅप्लिकेशन टाइमआउट होतात. म्हणून वेळ निवडताना 'शनिवारची रात्र' एवढंच पुरत नाही. शनिवारी रात्री बॅकअप चालतो का, तेही विचारा. बहुतेक ठिकाणी चालतो.

२. आवृत्त्यांची शिडी

जुन्या आवृत्तीवरून थेट सर्वांत नव्या आवृत्तीवर उडी मारता येईलच असं नाही. मधे एक-दोन थांबे घ्यावे लागतात, आणि ते कोणते हे रिलीज नोट्समध्ये असतं. काही ठिकाणी तर शिडीच नसते. नेटअ‍ॅपच्या ऑनटॅप या स्टोरेज सॉफ्टवेअरमध्ये ८ मालिकेपर्यंत '७-मोड' आणि 'क्लस्टर मोड' असे दोन प्रकार होते. ऑनटॅप ९ मध्ये ७-मोड उरला नाही, म्हणजे ७-मोडवाल्यांपुढे अपग्रेड नव्हताच, होतं ते मायग्रेशन. व्हीएमवेअरच्या व्हीएमएफएस-५ या फाइल सिस्टिमचंही तसंच. तिच्यावरची डेटास्टोअर (व्हर्च्युअल मशीन ठेवायची जागा) जागच्या जागी व्हीएमएफएस-६ होत नाही. नवी डेटास्टोअर बनवायची, व्हर्च्युअल मशीन तिकडे हलवायची, मग जुनी मोडायची. वेळापत्रक आखताना हा फरक आधी कळला नाही तर दोन तासांचं काम दोन महिन्यांचं होतं.

कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरच्या नादात डिस्कचं फर्मवेअर विसरलं जातं. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने एक सूचना काढली होती: काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात आणि त्यातला डेटा परत मिळत नाही. म्हणजे तीन वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. आकडा ओळखीचा वाटतोय ना? दोनचा पंधरावा घात. उपाय होता तो नवं फर्मवेअर वेळेआधी टाकणं. यातली खरी भीती रेडच्या (एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचवणाऱ्या मांडणीच्या) गणितात आहे. रेडचा सगळा भरवसा डिस्क वेगवेगळ्या वेळी बिघडतात या गृहीतकावर असतो. एकाच दिवशी चालू केलेल्या डिस्क एकाच तासाला गेल्या, तर पॅरिटी (हरवलेला डेटा पुन्हा उभा करणारी जादा माहिती) काय करणार?

सर्व्हरकडची यादीही याच वेळी काढा: ऑपरेटिंग सिस्टिम, एचबीएचं फर्मवेअर आणि ड्रायव्हर, मल्टिपाथची आवृत्ती. व्हेंडरच्या कंपॅटिबिलिटी तक्त्यात ही चारही नावं एका ओळीत सापडली पाहिजेत. तीन सापडली आणि चौथं 'जवळपास तेच' असेल, तर पुढे केस उघडल्यावर सपोर्टवाला पहिलं वाक्य तेच बोलणार आहे.

३. बॅकअप आहे म्हणजे काय आहे

एक फाइल, एक व्हर्च्युअल मशीन आणि एक डेटाबेस खरोखर परत आणून बघा, दुसऱ्या जागी. हिरवी खूण पुरावा नव्हे. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबने ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेबद्दल स्वतःच सगळं उघड लिहिलं, म्हणून ते उदाहरण देता येतं. एका इंजिनिअरने चुकून भलत्याच डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसली. मग बॅकअपकडे धावले, तर पोस्टग्रेस (त्यांचा डेटाबेस) ९.६ झालेलं असताना बॅकअपचा प्रोग्राम ९.२ चा चालत होता आणि गपचूप अपयशी ठरत होता. अपयशाच्या ईमेल जात होत्या, पण त्या वाटेतच नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. डेटाबेस अपग्रेड केला आणि बाजूचं हत्यार मागे राहिलं, ही चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. स्टोरेज बदलतानाही बॅकअपचा एजंट आणि स्नॅपशॉटच्या स्क्रिप्ट अशाच मागे राहतात.

४. डेटा कसा न्यायचा, आणि किती वेळात

तीन वाटा आहेत. सर्व्हरकडून नेणं, म्हणजे लिनक्सचं पीव्हीमूव्ह किंवा व्हीएमवेअरचं स्टोरेज व्हीमोशन. अ‍ॅरेकडून अ‍ॅरेकडे रेप्लिकेशन. आणि फाइल-फाइल कॉपी, म्हणजे आर्सिंक किंवा रोबोकॉपी. नवख्याला मी पहिली सुचवतो. अ‍ॅप्लिकेशन चालू असताना काम होतं, अ‍ॅरे वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी चालतं, आणि मधे थांबता येतं. पीव्हीमूव्ह चालू असताना सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी घाबरू नका. नुसतं 'पीव्हीमूव्ह' म्हटलं की राहिलेलं काम पुढे चालू होतं, आणि नकोच असेल तर रद्दही करता येतं.

या पहिल्या वाटेचा एक दोष मात्र आधीच सांगतो, कारण तो सोमवारी सकाळी कळतो. जुन्या थिन (लिहिलं जाईल तेवढीच जागा खर्च करणाऱ्या) अ‍ॅरेवर २० टीबीचा लन आहे, प्रत्यक्षात ६ टीबीच भरलेला. पीव्हीमूव्हला फाइल कळत नाहीत, ते ब्लॉक उचलतं, रिकामे आणि पुसलेलेसुद्धा. नवा अ‍ॅरे शून्यांचे ब्लॉक ओळखून वगळणारा नसेल, तर तिकडे २० टीबी भरतात. उपाय सोपा आहे. हलवाहलव झाल्यावर फाइल सिस्टिमवर 'एफएसट्रिम' चालवा, म्हणजे न वापरलेली जागा अ‍ॅरेला परत मिळते. पण हलवतानाच नव्या स्टोरेजचा पूल (डिस्कची सामायिक जागा) भरून गेला तर ट्रिमपर्यंत पोचणारच नाही. म्हणून एकामागोमाग एक लन घ्या आणि दर वेळी ट्रिम करून पुढे जा.

वेळेचं गणित कागदावर करा. एक गिगाबिटच्या लिंकवर सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातात, म्हणजे १० टीबीला ८०,००० सेकंद, साधारण २२ तास. दहा गिगाबिटवर तेच सव्वादोन तास. हे आदर्श आकडे, प्रत्यक्षात दीडपट-दुप्पट धरा. लहान फाइलींना हे गणित लागूच होत नाही. तिथे प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्याचा वेळ मोजायचा. एक कोटी फाइली, प्रत्येकीला पाच मिलिसेकंद, झाले ५०,००० सेकंद, जवळजवळ चौदा तास, लिंक कितीही जाड असली तरी. एका वेळी अनेक कॉपी चालवणं हा त्यावरचा एकच खरा उपाय.

५. नवा लन दिसतच नाही

इथे क्रम सोडू नका. सुचेल तिथे हात घालणारा माणूस दोन तास घालवतो, क्रमाने जाणारा वीस मिनिटं.

आधी एसएफपीचा (केबल लागते त्या छोट्या मॉड्यूलचा) दिवा आणि केबल. मग स्विचवर जाऊन सर्व्हरच्या एचबीएचा डब्ल्यूडब्ल्यूएन (सॅनवरचा पत्ता) लॉगिन झालाय का ते पाहा. तो सोळा आकडी हेक्साडेसिमल असतो, आणि फोनवरून ऐकून लिहिलेला डब्ल्यूडब्ल्यूएन हमखास चुकतो. बी आणि डी ऐकायला सारखेच. कॉपी-पेस्ट करा. त्यानंतर झोन, म्हणजे कुणी कुणाशी बोलायचं ते ठरवणारा स्विचवरचा नियम. झोन बनवला, सेव्ह केला, पण सक्रिय केलाच नाही, ही सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक आहे. ब्रोकेड असो वा सिस्को, दोन्हींकडे 'साठवलेलं' आणि 'लागू असलेलं' कॉन्फिगरेशन वेगळं असतं. दुसऱ्या क्रमांकावर: एका फॅब्रिकमध्ये झोन केला, दुसऱ्यात राहिला. तेव्हा लन दिसतो, पण चारऐवजी दोन पाथांनी. झोननंतर अ‍ॅरेवरचं मास्किंग, म्हणजे हा लन या होस्टला दिलाय का. आणि सगळ्यात शेवटी सर्व्हरवर रीस्कॅन, म्हणजे डिस्क पुन्हा शोधायला लावणं. रीस्कॅनशिवाय लिनक्सला नवा लन बहुधा दिसत नाही, आणि नवखे मात्र सर्व्हर रीबूट करून मोकळे होतात. प्रॉडक्शनचा सर्व्हर असेल तर ती सवय महागात पडते.

६. दिसतो, पण घेत नाही

रेप्लिकेशनने आणलेल्या लनचा हा आजार. आतला डेटा तंतोतंत जुना, पण बाहेरची ओळख नवी, आणि सर्व्हरला हा तोतया वाटतो. व्हीएमवेअर अशा डेटास्टोअरला स्नॅपशॉट समजून माउंट करत नाही. 'ईएसएक्ससीएलआय'मधल्या व्हीएमएफएस स्नॅपशॉटच्या यादीत ती सापडते. मग दोन पर्याय: जुनीच सही (डेटास्टोअरची ओळख) ठेवून माउंट करायची किंवा नवी सही द्यायची. जुना लन कुठल्याही होस्टला अजून दिसत असेल, तर जुनी सही ठेवण्याच्या फंदात पडू नका. नवी सही दिली तर व्हर्च्युअल मशीन पुन्हा रजिस्टर करावी लागतात, तेवढा वेळ धरून ठेवा.

लिनक्सवर जुना आणि नवा लन एकाच वेळी दिसले की एलव्हीएम (डिस्कची जागा सांभाळणारं साधन) 'डुप्लिकेट पीव्ही', म्हणजे एकच डिस्क दोनदा, अशी तक्रार करतं. ती ओळ वाचून पुढे जाऊ नका. कुठल्या प्रतीवर लिहिलं जातंय हे त्या क्षणी तुम्हाला माहीत नसतं. एक लन बाजूला करा, किंवा दोन्ही हवेच असतील तर 'व्हीजीइम्पोर्टक्लोन' वापरून प्रतीची ओळख बदला. एक्सएफएससुद्धा एकच यूयूआयडी (ओळखक्रमांक) असलेल्या दोन फाइल सिस्टिम एकत्र माउंट करू देत नाही, आणि त्याचं हे वागणं अगदी योग्य आहे.

सर्व्हर बूटच झाला नाही, तर तीन जागा बघा. एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत) कुणीतरी वर्षांपूर्वी 'एसडीबी' असं थेट नाव लिहून ठेवलंय का? इनिट-रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) नव्या मल्टिपाथ सेटिंगसकट पुन्हा बनवलं होतं का? बूट सॅनवरून होत असेल, तर एचबीएच्या बायॉसमध्ये अजून जुन्या अ‍ॅरेचाच डब्ल्यूडब्ल्यूएन आहे का?

७. चालतंय, पण मुंगीच्या पावलांनी

आधी एक तास थांबा. नव्या अ‍ॅरेचा कॅश रिकामा असतो, शिवाय मागे डीडुप्लिकेशन (सारखे ब्लॉक एकदाच ठेवण्याचं काम) चालू असू शकतं. तासाभरानेही तेच असेल तर पाथ बघा. चार पाथांपैकी दोन लनच्या मालक कंट्रोलरकडे थेट जातात, दोन वळसा घेऊन. एएलयूए नावाची पद्धत ही माहिती सर्व्हरला देते, पण सर्व्हरवर जुन्या अ‍ॅरेसाठी हाताने लिहिलेलं मल्टिपाथ सेटिंग राहिलं असेल, तर तो चारही पाथ सारखेच वापरतो आणि अर्धा ट्रॅफिक वळशाने जातो. मग स्विच पोर्टवरचे सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) पाहा. एकदा आकडे शून्य करा, दहा मिनिटांनी परत बघा. वाढत असतील तर एसएफपी किंवा केबल. धुळीचा एक कण पुरतो.

साध्या नेटवर्कवरून चालणारं एनएफएस किंवा आयस्कझी असेल आणि जंबो फ्रेम (१५०० ऐवजी ९००० बाइटची पाकिटं) चालू असतील, तर लक्षण अगदी वेगळं दिसतं: माउंट होतं, यादी दिसते, आणि मोठी फाइल उघडली की सगळं थिजतं. वाटेतला एखादा स्विच पोर्ट १५०० वरच राहिलेला असतो. ईएसएक्सवरून (व्हीएमवेअरच्या सर्व्हरवरून) 'व्हीएमकेपिंग' तुकडे न करण्याच्या पर्यायासह ८९७२ बाइटचा पाठवा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा करून हा आकडा येतो. तो गेला नाही की नेटवर्कवाल्यांना उठवायला तुमच्याकडे पुरावा असतो.

८. फाइल शेअर, आणि आपली मराठी नावं

परवानग्यांचे घोळ सगळ्यांनाच माहीत असतात. आर्सिंकला एसीएल (परवानग्यांची यादी) आणि न्यूमरिक आयडीचे पर्याय द्या, एनएफएस ४ वर सगळ्या फाइली 'नोबडी'च्या नावावर दिसल्या तर आयडी मॅपिंगचं डोमेन तपासा, एवढ्यावर मी थांबतो. मला बोलायचंय ते कुठल्याच व्हेंडरच्या पुस्तिकेत न सापडलेल्या एका त्रासाबद्दल.

लिनक्सच्या एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ वर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंत असू शकतं. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची. इंग्रजीत नाव लिहिणाऱ्याला फरक जाणवत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त हेही वेगळं चिन्ह. 'ज्ञानेश्वरी' हा चार अक्षरांचा शब्द ११ चिन्हं, म्हणजे ३३ बाइट होतो. लिनक्सवर मर्यादा उरते ८५ चिन्हांची. सरकारी कचेरीतला परिपत्रकाचा विषय जसाच्या तसा फाइलला नाव म्हणून दिलेला असतो, तो विंडोजवर आरामात मावतो आणि लिनक्सवर कॉपी होताना 'नाव फार लांब' म्हणून गळतो. लाखभर फाइलींत चाळीस गळल्या तर लॉग वाचल्याशिवाय कळतही नाही. म्हणून कॉपीआधी लांब नावांची यादी काढा आणि मालकांकडून नावं बदलून घ्या.

दुसरा घोळ 'ऱ'चा. 'खोऱ्याचा नकाशा' यातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना फरक शून्य. लिनक्सच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं सुटी करून साठवायची, त्यामुळे मॅकवरून आलेल्या फोल्डरची दुसऱ्यांदा कॉपी केली की एकसारख्या दिसणाऱ्या नावांच्या दोन-दोन फाइली उभ्या राहतात, किंवा प्रोग्रामला डोळ्यांसमोरची फाइल सापडत नाही. आर्सिंकमध्ये अक्षरसंच बदलण्याचा पर्याय आहे. तो वापरा, आणि दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवून बघा.

९. कटओव्हर, आणि मागे फिरण्याची वेळ

कटओव्हर म्हणजे काम जुन्यावरून नव्या स्टोरेजवर वळवण्याचा क्षण. परतीचा रस्ता कधी बंद होतो ते आधी ठरवा. अ‍ॅप्लिकेशनने नव्या स्टोरेजवर पहिली नोंद लिहिली की जुनी प्रत शिळी होते. तोवर मागे फिरणं पाच मिनिटांचं, त्यानंतर डेटा उलट आणण्याचं. म्हणून वापरकर्त्यांना आत सोडण्याआधी अ‍ॅप्लिकेशनच्या टीमकडून फक्त वाचून तपासणी करून घ्या. घड्याळही ठरवा: पहाटे चारपर्यंत जमलं नाही तर परत. चारला 'अजून दहा मिनिटं' म्हणणारा माणूस प्रत्येक टीममध्ये असतो. निर्णय त्याच्या हातात नको.

चालू असलेल्या स्क्रिप्टला त्या रात्री हात लावू नका. क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये नेमकं हे झालं. बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती तिच्यावर लिहिली गेली. बॅश स्क्रिप्ट थोडी-थोडी वाचत पुढे जातं, त्यामुळे मधूनच नवा मजकूर लागू झाला, व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि जुने लॉग पुसणारा आदेश संशोधकांच्या डेटावर चालला. ७७ टीबी, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली. नवी स्क्रिप्ट नव्या नावाने ठेवा, जुनी संपू द्या.

जुना लन काढण्याचाही क्रम आहे. आधी सर्व्हरवर अनमाउंट, मग मल्टिपाथमधून काढणं, मग स्कझी डिव्हाइस काढणं, आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅरेवरचं मॅपिंग. उलट केलंत, तर ईएसएक्सला सगळे पाथ अचानक गेलेले दिसतात. डीफॉल्टने १४० सेकंद तो त्यांची वाट पाहतो, आणि तेवढ्यात होस्ट मॅनेजमेंटला प्रतिसाद देईनासाही होऊ शकतो.

१०. सपोर्टला फोन

लॉगचं बंडल रीस्टार्टच्या आधी घ्या. आणि वेळ जुळवा. अ‍ॅरे बऱ्याचदा यूटीसीत लिहितो, सर्व्हर भारतीय वेळेत. साडेपाच तासांचा फरक विसरून एकदा आम्ही संध्याकाळच्या बॅकअपला रात्रीच्या बिघाडाचं कारण ठरवलं होतं आणि व्हेंडरच्या इंजिनिअरला दोन दिवस त्या मागे लावलं होतं. केसमध्ये 'काल रात्री' असं लिहू नका. तारीख, तास, मिनिट आणि कुठली वेळ ते लिहा.

११. जुना अ‍ॅरे कधी बंद करायचा

सगळं हललं असं वाटल्यावर स्विचवर जाऊन जुन्या अ‍ॅरेच्या पोर्टवरचा ट्रॅफिक बघत राहा. रोजची कामं आठवड्यात उघडी पडतात. पण महिनाअखेरचा पगाराचा हिशेब, तिमाहीचा रिपोर्ट, मार्चअखेरचं काम, यांतलं एखादं अजून जुन्या शेअरकडे जात असतं, आणि ते लिहिणारा माणूस कंपनी सोडून गेलेला असतो. मी किमान एक तिमाही उलटू देतो. मग मॅपिंग काढून अ‍ॅरे चालूच ठेवतो, आणखी दोन आठवडे. कुणाचा फोन आला नाही तर डिस्क पुसायच्या, पुसल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि रॅक रिकामा झाल्यावर स्विचवरचे जुने झोनही काढून टाकायचे.